वाचकांचे प्रश्न : रेंजचं भाडं, जाळीचे खांब आणि रस्त्यावर गेलेला बॉल

या महिन्यात गोल्फवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बडोद्यात गोल्फ म्हटलं की लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातलं मैदान आठवतं आणि आपण बाहेरून बघून पुढे जातो, पण गेल्या काही वर्षांत शहराबाहेर जमीन भाड्याने घेऊन ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे गोल्फचे लांब फटके मारायच्या सरावाची जागा, काढायचं खूळ बऱ्याच तरुण मंडळींच्या डोक्यात शिरलंय, आणि ते पैसे घालतात, जाळ्या लावतात, लायटिंग करतात, कॉफीचं मशीन आणतात, आणि करारनामा मात्र कोणाच्यातरी ओळखीच्या टायपिस्टकडून. चार पत्रं निवडली. पहिलं मोठं आहे, त्याचं उत्तरही मोठंच होणार.

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही तिघा मित्रांनी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करून शहराबाहेर विश्वामित्रीच्या बाजूला ५ एकर जमीन ९ वर्षांसाठी भाड्याने घेतली, ड्रायव्हिंग रेंज आणि छोटं पटिंग ग्रीन. भाडं महिना १,५०,००० होतं, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ, त्यामुळे आता १,६५,००० आहे. लॉक-इन, म्हणजे मध्येच सोडता न येणारी मुदत, ५ वर्षांचं, त्यातले २० महिने बाकी. करार स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला आहे, रजिस्टर नाही. सातबारावर जमीन अजून खेतीचीच आहे, जमीनमालक शेठ म्हणाले होते एनए (बिनखेती) मी करून देतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात सगळं पाण्याखाली गेलं, पाणी उतरल्यावर आमच्या तळ्यात मगर निघाली, फॉरेस्टवाले येऊन घेऊन गेले, तीन महिने रेंज बंद होती म्हणून तेवढं भाडं आम्ही दिलं नाही. आता धंदा चालत नाही, बंद करायचंय. शेठ म्हणतात पुराचे साडेचार लाख द्या, लॉक-इनचे उरलेले ३३ लाख द्या, खांब-जाळ्या काही न्यायच्या नाहीत आणि वर जमीन होती तशी करून द्या. आम्ही दोघांनी पर्सनल हमीपत्रावर पण सही केलीय. नक्की किती देणं लागतो? – वासणा रोडवरून एक वाचक

उत्तर : अरे बाबांनो, आधी एनए बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. गुजरातेत १९४८ च्या गणोत (कूळ) कायद्याचं कलम ६३ असं आहे की शेतजमीन जो शेतकरी नाही त्याला विकता येत नाही एवढंच नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही, परवानगी असल्याशिवाय. लोकांना वाटतं विक्रीलाच बंदी आहे, लीज चालतं. नाही चालत. मामलतदार स्वतःहून चौकशी लावून तो व्यवहार बेकायदा ठरवू शकतो. तिघांपैकी एखादा खातेदार खेडूत (शेतकरी) असेल तरी करार एलएलपीच्या नावावर आहे, आणि शेतजमिनीवर गोल्फ खेळवायला महसूल कायद्याची बिनखेतीची परवानगी लागतेच. म्हणजे शेठ लॉक-इनचा दावा घेऊन कोर्टात गेले तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाईल, की साहेब जमीन एनए करून देणार होतात तिचं काय झालं. तुमच्याकडे त्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलेलं असेल तर ते आजच्या आज जपून ठेवा, फोन बदलताना उडवू नका.

दुसरं रजिस्ट्रेशन. एक वर्षाच्या वरचं कुठलंही लीज रजिस्टर व्हायलाच हवं, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम १०७ आणि नोंदणी कायदा १९०८ चं कलम १७ दोन्हीकडे तेच. नोटरीचा शिक्का म्हणजे सह्या तुमच्याच आहेत एवढं फार तर सिद्ध होतं. रजिस्टर न केलेला ९ वर्षांचा करार ९ वर्षांचा राहतच नाही. तुम्ही ताबा घेतला, भाडं भरत राहिलात, म्हणून भाडेकरू झालात खरं, पण महिन्याच्या महिन्याचे, दोन्ही बाजूंनी १५ दिवसांच्या नोटिशीवर सुटणारे. सुप्रीम कोर्टाने २००० साली अँथनी विरुद्ध इट्टूप या केसमध्ये हेच सांगितलं. असा कागद कोर्टात मुदतीसाठी किंवा लॉक-इनसाठी वाचता येत नाही, ताबा कशाचा होता एवढ्यापुरताच वाचतात.

तर ३३ लाखांचं काय? माझं मत, शेठना ते मिळवणं फार जड जाईल. आणि समजा करार नीट रजिस्टर असता तरी आपल्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ठरवलेली रक्कम सरसकट मिळत नाही, वाजवी भरपाई मिळते, आणि मालकाने दुसरा भाडेकरू शोधायचा प्रयत्न केला का हेही बघतात. जमीन चार महिन्यांत दुसऱ्याला दिली तर वीस महिन्यांचं भाडं कसं मागणार? पण लगेच पेढे वाटू नका. हाच कच्चा करार उलटा पण लागतो, तुमचा धंदा जोरात असता आणि शेठना बिल्डर भेटला असता तर १५ दिवसांची नोटीस तुमच्याच हातात पडली असती, आणि जाळ्यांवर घातलेले पैसे गेले असते पाण्यात. भाडेनियंत्रण कायद्याचं संरक्षण मागता येतं का हा मुद्दा वकील काढेल, पण तो वर्षानुवर्षं भांडायचा मुद्दा आहे, त्यावर धंदा उभा करत नाहीत.

आता पूर. इथे मात्र मी तुमच्या बाजूने नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ (ई) म्हणतं की आग, वादळ, पूर यांनी जागेचा मोठा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला तर भाडेकरू लीज रद्द करू शकतो. कायमचा हा शब्द बघा. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं, सगळ्या बडोद्याने भोगलंय ते, पण पाणी उतरलं, चिखल काढला, रेंज परत सुरू झाली. म्हणजे जागा कायमची गेली नाही. आणि तुम्ही तेव्हा लीज रद्द पण केलं नाही, राहिलात आणि फक्त भाडं थांबवलं. तसं करता येत नाही, करारात तशी अट असल्याशिवाय. लॉकडाऊनमध्ये पण हेच झालं, मे २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टाने रामानंद विरुद्ध गिरीश सोनी या केसमध्ये सांगितलं की दुकान बंद होतं म्हणून भाडं आपोआप थांबत नाही, करारात काय लिहिलंय ते बघा. मगर निघाली म्हणूनही भाडं माफ होत नाही. (फॉरेस्टला बोलावलंत हे उत्तम केलंत, मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, स्वतः काठ्या घेऊन गेला असता तर हे पत्र वेगळ्याच विषयावर आलं असतं.) लीज कागदावर कच्चं असलं तरी जागा वापरल्याचे पैसे द्यावे लागतात, त्यामुळे साडेचार लाख हे देणं धरा. शेठशी बोलताना निम्म्यावर तुटलं तर तुमचं नशीब, पण हिशोबात पूर्ण धरा.

खांब आणि जाळ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यात वेळ घालवू नका. कलम १०८ (एच) प्रमाणे भाडेकरूने जमिनीत जे रोवलं-बसवलं ते तो काढून नेऊ शकतो, लीज संपल्यानंतरसुद्धा, पण ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच. चावी दिलीत की हक्क संपला. करारात उलटं लिहिलं असेल तर वेगळं, पण तुमचा करार तर वाचताच येत नाही असं शेठना पण मान्य करावं लागेल, ते ३३ लाखांसाठी एक आणि खांबांसाठी दुसरं असं म्हणू शकत नाहीत. मात्र काढल्यावर जमीन जशी मिळाली तशी सोडायची, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे काँक्रीटचे फाउंडेशन उखडायचे, खड्डे भरायचे, टी-बेचे, म्हणजे उभं राहून फटका मारायच्या कप्प्यांचे, ओटे फोडायचे, तळं खोदलं असेल तर बुजवायचं. ही रक्कम लोक कधीच मोजत नाहीत. धंदा सुरू करताना जाळीचं कोटेशन घेतात तसं जाळी उतरवायचं पण घ्यायला हवं, क्रेनचं भाडं दोन्ही वेळेला सारखंच लागतं. जेसीबीवाल्याला बोलवा, लेखी कोटेशन घ्या, फोटो काढा, ते शेठच्या पुढ्यात ठेवा.

हमीपत्र. हे तुमचं खरं दुखणं. एलएलपी केली म्हणजे घरापर्यंत येत नाही, हे खरं, पण हमीपत्रावर सही केली की ती भिंत तुम्हीच पाडली. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हमीदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच. एलएलपीकडून जेवढं वसूल होऊ शकतं तेवढंच तुमच्याकडून, कमी नाही, आणि शेठनी आधी एलएलपीच्या मागे जावं अशी सक्ती पण नाही. म्हणून तडजोडीच्या कागदात एक ओळ घालूनच घ्या, की दोघांची हमीपत्रं रद्द करून मूळ प्रत परत दिली. ती ओळ नसेल तर तडजोड करू नका. तिसरा मित्र ज्याने सही केली नाही तो हुशार निघाला की त्या दिवशी गावाला होता, मला माहीत नाही, पण तिघांत आपापसात लिहून ठेवा कोण किती भरणार.

थोडक्यात पत्रातल्या प्रश्नाला आकडा देतो : साडेचार लाख अधिक जमीन पूर्ववत करायचा खर्च अधिक नोटिशीच्या काळाचं भाडं. बाकीचं भांडायचं. आणि कमर्शियल दावा ३ लाखांच्या वर असेल तर, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर, २०१५ च्या कायद्याप्रमाणे आधी मेडिएशनला (मध्यस्थीला) जावंच लागतं, तिथे शेठ येतील, चहा होईल, माझ्या अंदाजाने तिथेच मिटेल कारण एनएचा विषय त्यांनाही कोर्टात उघडा नकोय.

प्रश्न : मी एका रेंजवर अकाउंट्स बघतो. फेब्रुवारीत एका गिऱ्हाइकाचा बॉल जाळीवरून सर्व्हिस रोडवर गेला आणि स्कूटरवरच्या बाईंच्या खांद्याला लागला, फ्रॅक्चर. मे महिन्यात वकिलाची नोटीस आली, ६ लाख मागितलेत. मार्चचा ताळेबंद अजून सही व्हायचाय. सीए म्हणतात तरतूद करा, मालक म्हणतात नोटीस मेमध्ये आली, पुढच्या वर्षी बघू. पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स आहे. कोण बरोबर? – मांजलपूर

उत्तर : सीए. नोटीस कधी आली याला महत्त्व नाही, बॉल कधी लागला ते बघायचं. घटना ३१ मार्चच्या आधीची, ताळेबंदावर सही व्हायच्या आत तुम्हाला दाव्याची माहिती झाली, म्हणजे ती याच वर्षाची. मग पुढचा प्रश्न तरतूद की ताळेबंदाखाली नुसती टीप, आणि ते अकाउंटिंग स्टँडर्ड २९ मध्ये सरळ आहे : पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त असेल आणि रकमेचा बऱ्यापैकी अंदाज येत असेल तर खर्च टाकून तरतूद, शक्यता आहे पण तेवढी नाही तर टीप, आणि फारच दूरची असेल तर काहीच नाही. सहा लाख मागितले म्हणून सहा लाखांची तरतूद असंही नाही, तुमचा सर्वोत्तम अंदाज धरायचा, हॉस्पिटलचं बिल, बुडलेला पगार, थोडं वेदनेचं. अंदाज वकिलाकडून लेखी घ्या, ऑडिटर तोच मागणार.

इन्शुरन्सचे पैसे येणारच आहेत असं धरून दोन्ही एकमेकांत वळते करून टाकायची सवय असते मालकांना. नाही. कंपनीने क्लेम मान्य केल्याशिवाय, म्हणजे पैसे येणार हे जवळजवळ पक्कं झाल्याशिवाय, ते येणं दाखवता येत नाही. आणि इन्शुरन्सला कळवलंय का मुळात? पॉलिसीत बहुतेक लगेच कळवायची अट असते आणि त्यांना न विचारता समोरच्याला पैसे देऊ नका किंवा चूक कबूल करू नका असंही असतं. हॉस्पिटलमध्ये फळं घेऊन गेलात तर हरकत नाही, माफीनामा लिहून देऊ नका.

जबाबदार कोण यावर मजेदार निकाल आहेत, इंग्लंडचे, आपल्याकडे बंधनकारक नाहीत पण वकील वाचून दाखवतातच. १९२२ ची कॅसल विरुद्ध सेंट ऑगस्टीन्स लिंक्स : तेराव्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) बॉल वारंवार रस्त्यावर जायचे, एक दिवस टॅक्सीच्या काचेवर बसला, ड्रायव्हरचा डोळा गेला, क्लब जबाबदार ठरला. उलट १९५१ ची बोल्टन विरुद्ध स्टोन, क्रिकेटची : बाहेर उभ्या असलेल्या बाईंना सिक्सर लागला पण तीस वर्षांत जेमतेम सहा वेळा बॉल बाहेर गेला होता म्हणून क्लब सुटला. फरक लक्षात आला? बॉल किती वेळा बाहेर जातो ते. म्हणून मालकाला विचारा, बाहेर गेलेल्या बॉलचं रजिस्टर आहे का. बरेच जण मुद्दाम ठेवत नाहीत, पुरावा आपल्याच विरुद्ध जाईल म्हणून. मला हे पटत नाही. सर्व्हिस रोडवरचा पानाच्या गल्ल्याचा मालक साक्ष द्यायला बसलाय की रोज चार येतात, तेव्हा रजिस्टर नसणं जास्त महाग पडतं. रजिस्टर ठेवा आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात काय केलं ते लिहा, जाळी वाढवली, त्या बाजूच्या बेमध्ये ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारी काठी) बंद करून आयर्नच (कमी लांब मारणाऱ्या काठ्या) ठेवले, मॅट आतल्या दिशेने फिरवली. बॉल दिसायला चिमुकला, जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, पण हौशी माणसाने ड्रायव्हरने नीट मारला तरी ताशी २०० किलोमीटरच्या वर सुटतो.

तुमचं लीज पण काढून बघा. बहुतेक लीजमध्ये अशी एक ओळ असते की जागेवरच्या धंद्यामुळे मालकावर कोणी दावा केला तर खर्च भाडेकरूने भरायचा. बाईंच्या वकिलाने जमीनमालकाला पण नोटीस पाठवली असेल तर त्यांच्या वकिलाची फी पण तुमच्याकडे येणार, आणि ती तरतुदीत धरलेली नसते.

प्रश्न : मोबाईल अ‍ॅपवरून अमेरिकन शेअर घेतो. गोल्फवाल्या कंपन्यांच्या अहवालात लीज आणि लीगल कंटिन्जन्सीच्या (कोर्टातल्या दाव्यांमुळे कदाचित द्यावी लागतील अशा रकमांच्या) टिपा पानंच्या पानं असतात. त्यात बघायचं काय? – दांडिया बाजार

उत्तर : तिकडे बरेच गोल्फ कोर्स नगरपालिकेचे असतात आणि काही ठिकाणी कंपनी ते भाड्याने चालवते, आणि भाडं दोन भागांत असतं, ठराविक रक्कम आणि वर विक्रीचा टक्का. २०१९ पासून मोठ्या लिस्टेड कंपन्यांना लीजचं देणं ताळेबंदावर दाखवावं लागतं, आपल्याकडे पण इंड एएस ११६ (लीजचं अकाउंटिंग स्टँडर्ड) वाल्या कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून तसंच, पण गोम अशी की विक्रीच्या टक्क्याचं भाडं त्या आकड्यात धरत नाहीत. म्हणजे दोन कंपन्यांचं भाडं प्रत्यक्षात सारखं जात असेल, एकीचं ठराविक आणि दुसरीचं टक्क्यातलं, तर दुसरीचा ताळेबंद उगाच हलका दिसतो. टिपेत व्हेरिएबल लीज कॉस्ट शोधा. मुदत वाढवायचा पर्याय कंपनीने धरलाय की नाही तेही बघा, त्यावर आकडा खूप हलतो.

आणि मेंबरशिप डिपॉझिट. ड्राइव्ह शॅक नावाच्या कंपनीच्या जुन्या गोल्फ क्लबांत मेंबर आगाऊ डिपॉझिट भरायचे, ते साधारण ३० वर्षांनी बिनव्याजी परत करायचं. तीस वर्षांनी द्यायचं म्हणून आजच्या किमतीत ते छोटं दिसतं आणि दरवर्षी थोडं थोडं फुगत जातं. एखाद्या कंपनीत असं काही दिसलं तर कुठल्या वर्षी किती परत करायचेत ते शोधा. लीगलच्या भागात "व्यवसायाच्या ओघात दावे चालू आहेत, मोठा परिणाम अपेक्षित नाही" असं वाक्य सगळेच लिहितात, ते वाचून पुढे जा, नाव घेऊन एखादा दावा आला असेल तिथे थांबा. शेअर घ्यावा का हे मला विचारू नका.

प्रश्न : जमीनमालक जीएसटीत नाहीत, आमची कंपनी आहे. १,६५,००० भाड्यावर आम्ही काय कापायचं, काय भरायचं? आणि करारात "मुदत संपल्यावर परस्पर संमतीने वाढवता येईल" असं आहे, तेवढं पुरतं ना? – अलकापुरी

उत्तर : १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक अनरजिस्टर्ड आणि भाडेकरू रजिस्टर्ड असेल तर धंद्याच्या जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी भाडेकरूनेच रिव्हर्स चार्जने भरायचा, तुमच्या बाबतीत २९,७०० महिना, आणि तो रोखीने, क्रेडिटमधून (आधी भरलेल्या कराच्या जमेतून) नाही, भरल्यावर क्रेडिट मिळतं. टीडीएस १० टक्के, १६,५००, एप्रिल २०२५ पासून महिना ५० हजारांच्या वर भाडं असेल तर. मालकाच्या हातात १,४८,५०० जातील आणि ते दर महिन्याला फोन करून विचारतील की कमी का आले, तेव्हा टीडीएसचं सर्टिफिकेट वेळेवर द्या.

"परस्पर संमतीने" पुरत नाही. समोरचा नाही म्हणाला की संपलं, त्यात तुमचा हक्क काही नाही. वाढवायचा हक्क तुमचा, नोटीस किती आधी द्यायची, भाडं कसं ठरणार, हे तिन्ही लिहिलेलं हवं. मुदत संपल्यावर मालक भाडं घेत राहिला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ ने तुम्ही राहू शकता, पण महिन्याच्या महिन्याला. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचंच बघा ना, लीज २०१३ ला संपलं आणि मग दहा वर्षांच्या वर सगळं तसंच लटकत राहिलं, शेवटी २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर पार्कसाठी गेले आणि टर्फ क्लबकडे ९१ उरले. आणि ते टर्फ क्लब होते, मागे माणसं होती. तुमची मुदत कधी संपतेय ते पत्रात लिहिलं नाहीत, वर्षाच्या आत असेल तर या आठवड्यातच मालकांना भेटा.